कोरडे हात आणि विकतचे लेप-मोजे

थंडी पडूं लागली म्हणजे औषधांच्या दुकानांत मलमांच्या डब्यांस पुढची फळी मिळते. गेल्या कांहीं वर्षांत त्या फळीवर आणखी एक वस्तु येऊन बसली आहे. तिला 'हँड मास्क' म्हणतात. आंतून औषधी द्रवानें भिजविलेले, पंजाच्या आकाराचे हे पातळ मोजे पंधरा-वीस मिनिटें हातांत घालून बसावयाचें व मग ते टाकून द्यावयाचे. भेगांपुरत्या चिकटवावयाच्या पट्ट्याहि त्याच जातीच्या. त्यांचा उपयोग कितपत होतो, हें पाहावें म्हणून आम्हीं मोज्यांची एक जोडी दीडशे रुपयांस आणविली.

आमच्या घरीं सर्वांत अधिक कोरडे हात धाकट्या सूनबाईंचे. त्यांच्या उजव्या हातांत विकतचा मोजा चढविला. डाव्या हातास साधी पेट्रोलियम जेली चोळून वर धुतलेला सुती मोजा घातला. वीस मिनिटांनीं दोन्ही काढले, तेव्हां उजवा हात अधिक मऊ व तुकतुकीत दिसला, हें मान्य केलें पाहिजे. परंतु सायंकाळचा स्वयंपाक व भांडीं आटोपून सूनबाई बाहेर आल्या, तों दोन्ही हात सारखेच राठ झालेले. पुढें सात रात्री दोन्ही हातांवर जेली व सुती मोज्यांचाच उपचार चालविला, तेव्हां बोटांच्या पेरांवरील भेगा मिटूं लागल्या. एका घरच्या परीक्षेवरून सिद्धांत बांधतां येत नाहीं. तथापि त्वचेची रचना पाहिली असतां यांत नवल वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरांत मृत पेशी विटांप्रमाणें रचलेल्या असून त्यांच्या दरजा स्निग्ध द्रव्यांनीं भरलेल्या असतात. या दरजा शाबूत आहेत तोंवर शरीरांतील ओलावा आंत टिकतो. तळहातांस तैलग्रंथि मुळींच नसतात, म्हणून तेथील झीज वरून तेल पाझरून भरून येत नाहीं. त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल, म्हणजे पीएच ५ च्या आसपास असतो. उलट नेहमींचा वडीचा साबण क्षारयुक्त, पीएच ९ ते १० इतका. गरम पाणी आणि साबण यांनीं दरजांतील स्निग्धता दिवसांतून दहा-वीस वेळां धुऊन निघाली, म्हणजे त्वचा आवळते, खरबरीत होते व अखेरीस तडकते.

विकतच्या मोज्यांतील द्रवांत बहुधा ग्लिसरीन, युरिया अशीं पाणी धरून ठेवणारीं द्रव्यें असतात. त्यांचा गुण खराच; पण मोज्याचें निम्मे काम त्याच्या आच्छादनाचें आहे. वरून झांकण असल्यामुळें ओलावा उडून जात नाहीं. तेंच काम पेट्रोलियम जेली स्वतः करते. अमेरिकेंत रॉबर्ट चेसब्रो यांनीं १८७२ सालीं तिचें पेटंट घेतलें. आज इतक्या वर्षांनंतरहि ओलावा अडविण्यांत तिची बरोबरी करणारीं द्रव्यें थोडीं. कोंकणांत तर कोकमाच्या बियांचें तेल, ज्याला गोमंतकांत भिरंडेल म्हणतात, भेगांवर लावण्याची जुनी चाल आहे. हें तेल थंडींत थिजून गोळा होतें आणि किंचित् ऊब देतांच वितळतें. हात धुऊन टिपल्यावर ते किंचित् ओलसर असतांनाच यांपैकीं कोणतेंहि एक चोळावें व रात्रीं सुती मोजे घालून निजावें. युरियाचें मलम मात्र उघड्या भेगेस झोंबतें, हें ध्यानांत असूं द्यावें.

आतां मुख्य गोष्ट. वीस मिनिटांच्या लेपानें जें मिळतें तें घासणीखालीं तासाभरांत जातें. एकत्र कुटुंबांत दहा माणसांचीं भांडीं, धुणें व स्वयंपाक बहुधा एकाच जोडी हातांवर पडतो, आणि त्या हातांकडे कोणाचें लक्ष जातें तें हळदीकुंकवाच्या दिवशीं! घरांत दीडशे रुपयांचा मोजा आणून देणें सोपें आहे. ताट ज्याचें त्यानें विसळावें, रात्रीचीं भांडीं पुरुषांनीं व मुलांनीं आळीपाळीनें घासावीं, हा नियम घालणें अवघड आहे. तरी उपाय खरा तोच. भांडीं घासतांना आंत सुती व वर रबरी मोजे असावे, आणि घरीं कामास येणाऱ्या बाईंसाठींहि ते आणून ठेवावे. त्यांचे हात चार घरांच्या साबणांत बुडतात.

कांहीं खुणा मात्र घरगुती उपचाराच्या नव्हेत. उजव्या हातानें चिरणाऱ्या बाईच्या डाव्या हाताचा अंगठा व त्याजवळचीं दोन बोटें यांचींच अग्रें फुटत असतील, तर लसणीचा संशय घ्यावा. पाकळी त्याच बोटांत धरली जाते. दोन्ही पायांस कोंडा आणि एकाच हातास कोरड, असें असेल तर ती बुरशी असूं शकते. पाणीदार फोड, पू अथवा रात्रीं झोंप मोडणारी खाज असल्यास त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें. दुकानदाराच्या सल्ल्यानें स्टेरॉइडचें मलम लावूं नये. त्यानें खाज तेवढी थांबते, बुरशी असेल तर ती पसरते, आणि दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते.

ज्यांस हौस असेल त्यांनीं लग्नकार्याच्या आदल्या रात्रीं विकतचे मोजे खुशाल घालावे. एरव्हीं जेलीची डबी मोरीजवळ, सर्वांच्या हातास येईल अशा जागीं ठेवावी, आणि आज रात्रीं भांड्यांची पाळी कोणाची, हें जेवावयास बसण्यापूर्वींच ठरवून टाकावें.