फ्लेक्स गुंडाळा, उकिरडा उकरा



गेल्या पावसात आमच्या मुरुडच्या वाडीत कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली आली होती. ग्रामीण कृषी कार्यानुभव. म्हणजे आपले कृषिदूत आणि कृषिकन्या. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण राग मुलांवर नाही, पद्धतीवर आहे.

त्यांनी बोर्डो मिश्रण करून दाखवलं. १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना. लोखंडी सुरी बुडवून तांबूस होते का तेही बघितलं. सगळं बरोबर. फक्त महिना ऑगस्ट! सुपारीच्या कोळे रोगाला पहिली फवारणी पाऊस लागायच्या आधी हवी, दुसरी ४०-४५ दिवसांनी. पोफळीखाली तोवर सडा पडला होता. आणि ते मिश्रण पोफळीवर गेलंच नाही, कारण चढणारा गडी कुणी बोलावलाच नव्हता. फ्लेक्ससमोर फोटो निघाले, चहा झाला, मी वहीवर सही ठोकली. म्हणजे या नाटकात मीही होतो.

यावर आपले लोक म्हणतात, "ही पोरं काय शिकवणार आपल्याला?" हे मला मान्य नाही.

त्यातलीच एक मुलगी मागे थांबली. म्हणाली, "काका, तुमचा उकिरडा कुठंय?" फावडं घेऊन उकरायला लागली. हातभर खाली पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या. मोजल्या तर ३७! गेंड्या भुंग्याच्या. माडाची नवी झावळ उघडली की कात्रीनं त्रिकोणी कापल्यासारखी दिसते, ते काम याचंच. त्या जखमेत मग सोंड्या भुंगा अंडी घालतो. माड वरून हिरवा दिसतो, आतून पोखरलेला असतो. कळेपर्यंत उशीर होतो.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात पडलेले माझे दोन माड कुंपणाकडेला तसेच कुजत होते. कुजकं खोड म्हणजे गेंड्याचं बाळंतघर. मी दुकानातून औषध आणत होतो, आणि भुंगा मीच पोसत होतो! हे मला एका विद्यार्थिनीनं दाखवलं. आणि तिला त्याचे गुण मिळाले नाहीत, कारण त्याचा फोटो नव्हता.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे.

एका गटाला एक वाडी द्या. दर आठवड्याला मोजणी करा: सापळ्यातले भुंगे, कापलेल्या झावळ्या, उकिरड्यातल्या अळ्या. वही वाडीतच राहू दे, पुढच्या वर्षीचा गट तीच पुढे चालवेल. गुण त्या वहीला द्या.

गावात यायच्या आधी श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रात नाहीतर रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात त्यांचे हात मातीत घाला. आगरदांड्याहून जंगलजेटीनं दिघीला उतरलं की श्रीवर्धन काही परदेश नाही.

आणि "कीड दिसली की कुठलं औषध, किती मिली" एवढंच शिकवू नका. माडावरच्या चक्राकार पांढऱ्या माशीला तिचे स्वतःचे शत्रू आहेत. एन्कार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी तिच्या पिल्लांतच वाढते. जहाल औषध मारलं की आधी मित्र मरतो. फवारू नका हे सांगायला जास्त अभ्यास लागतो, तो करून घ्या.

प्राध्यापक म्हणतील, सत्राचं वेळापत्रक ठरलेलं असतं. असेल. पण कोळे रोग सत्र बघून येत नाही. गेंड्याची अळी चार-पाच महिने खतात असते. मे महिन्यात आठ दिवस तरी पोरांना पाठवा.

आता आपल्याबद्दल. पोरं आली की आपण सही करून मोकळे होतो. यंदा मी आधी वाडी फिरवणार, मग सही. ओंडके फोडून जाळले, उकिरड्यात मेटारायझियम टाकलं, कोवळ्या माडांच्या वरच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू निम्मी-निम्मी भरली. वही पहिल्या पानापासून सुरू केलीय.

तुमच्या वाडीत पोरं आली तर त्यांना खुर्ची नंतर द्या. आधी फावडं द्या.