ओढून न तुटणारी तार वाकवून का तुटते?



बांधकामाच्या तारेचा तुकडा घ्या. दोन्ही हातांनी ओढून बघा, तुटत नाही. आता एकाच जागी मागे-पुढे वाकवत राहा. थोड्याच वेळात तुटते, आणि ती जागा गरमही लागते. असं का झालं, हे आपण वर्गात विचारतच नाही. ‘प्रतिबल म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ’ एवढं पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझ्या मते इथंच आपलं चुकतं.

धानाची ट्रॉली ओढणारी एक पोलादी पट्टी घेऊ. रुंदी ५० मिमी, जाडी ४ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ २०० चौ. मिमी. ओढ २०,००० न्यूटन असेल तर प्रतिबल १०० न्यूटन प्रति चौ. मिमी. यंगचा गुणांक सुमारे २,००,०००, म्हणून विकृती ०.०००५. एक मीटर पट्टी अर्धा मिमी लांबते. साधं पोलाद साधारण २५० पर्यंत कायमचं ताणलं जात नाही. मुलं म्हणतील, “सर, पट्टी सेफ आहे!”

आता पट्टीच्या मधोमध एक बारीक गोल भोक पाडा. गणितानं भोकाच्या कडेला प्रतिबल जवळपास तिप्पट, म्हणजे ३०० येतं. सरासरी सुरक्षित, पण कड मर्यादेबाहेर! पुढचा प्रत्येक धक्का त्याच कडेला बसतो. हजारो-लाखो धक्क्यांनंतर तिथं केसाएवढी भेग पडते, वाढत जाते आणि एक दिवस पट्टी अचानक तुटते. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

१८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा ॲक्सल तुटून पन्नासहून अधिक माणसं दगावली. पुढे जर्मनीच्या ऑगस्ट व्योलर यांनी ॲक्सलवर पुन्हा पुन्हा भार देऊन दाखवलं, की एकदा सहज पेलणारा भारही वारंवार आला तर धातू तोडतो.

आपल्या जिल्ह्यात वरठीला पोलाद बनतं, गडेगावला वाहन कारखाना आहे. आपली काही मुलं उद्या आयटीआय करून अशाच कामाला लागतील. भागाकार कॅल्क्युलेटरही करेल. भोक, कोपरा, वेल्डिंगची कड हेरणारी नजर मात्र आपणच द्यायची आहे.

पालकांनो, घरच्या झोपाळ्याची कडी मुलांसोबत मधूनमधून बघा. भेग दिसली तर तेल लावून भागत नाही, कडी बदला. आणि शिक्षकांनो, पुढच्या तासाला फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी मुलांच्या हातात तार द्या.