किती लाखांचा विमा?

वालचंदनगरच्या कॉलनीत काय किंवा शेजारच्या कळंब, लासुर्णे, जंक्शन भागात काय, आयुर्विमा घेताना पहिला प्रश्न असतो, 'हप्ता किती बसेल?' आणि दुसरा, 'शेवटी हातात किती येतील?' कमावता माणूस उद्या नसला तर घराला किती लागतील, हा प्रश्न बहुधा निघतच नाही. वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपासचा हप्ता झेपतो म्हणून वीस वर्षांची, पाच लाखांची बोनसवाली पॉलिसी घेतली जाते आणि विम्याचा विषय संपतो. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा आहे. आधी घराची गरज काढावी, मग तेवढ्या रकमेचा विमा शोधावा, आणि हप्ता सर्वांत शेवटी बघावा. ज्या गावच्या कारखान्यात अग्निबाणांच्या मोटारींची आवरणं तयार होतात, त्या गावाला हे नवं नाही. तिथं पत्र्याची जाडी आतल्या दाबावरून काढतात. गोदामात कोणता पत्रा शिल्लक आहे, यावरून नव्हे.

हिशोब मांडूनच बघू. तिशी ओलांडलेला कामगार, पत्नी, दोन लहान मुलं. त्याचा स्वतःचा खर्च वगळून घराला महिना 20 हजार लागतात असं धरू. पाच लाखांत हे घर पंचवीस महिने चालतं. बोनसची भर पडली तर आणखी थोडं. तोवर धाकटं पोर बालवाडीतून जेमतेम पहिलीत गेलेलं असतं. मुलं पायावर उभी राहायला वीस वर्षं धरली आणि ठेवीवरचं व्याज महागाईत जिरतं असं मानलं, तर 48 लाख लागतात. वालचंद हिराचंद यांनी वसवलेल्या या गावात आणखी एक रकाना भरावा लागतो. क्वार्टर नोकरीला बांधलेलं असतं, म्हणजे पगार थांबला की आज ना उद्या छप्परही सोडावं लागणार. साध्या घरासाठी 15 लाख आणि डोक्यावरचं 4 लाखांचं कर्ज मिळवा. 67 लाख झाले. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी वगैरे मिळून 15 लाख वजा केले तरी 52 उरतात. प्रत्येक घराचे आकडे वेगळे येतील, पण ते पाच लाखांवर येऊन थांबणं अवघड आहे. आणि तंबाखूचं व्यसन नसलेल्या, निरोगी माणसाला या वयात 50 लाखांचा निव्वळ टर्म विमा त्या पंचवीस हजारांच्या निम्म्याहून कमी हप्त्यात मिळतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही राहिलेला नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: 'टर्ममध्ये जगलो तर पैसे बुडतात.' पण जोखमीची किंमत बोनसवाल्या पॉलिसीतही कापलीच जाते, फक्त ती वेगळी दाखवत नाहीत. अशा पॉलिसीचा परतावा साधारण पाच-सहा टक्क्यांच्या घरात राहतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हप्त्याची सक्ती नसेल तर उरलेले पैसे खर्च होऊन जातात. हे खरं आहे, आणि अनेक घरांत शिल्लक पडते ती केवळ त्या सक्तीमुळे. मात्र नोकरदाराची सक्तीची बचत पीएफमध्ये होतेच आहे. ऊस उत्पादकाला उचल मिळाली की त्याच आठवड्यात पीपीएफमध्ये रक्कम टाकता येते. त्याने पॉलिसीच गळीत हंगामात घ्यावी, म्हणजे दर वर्षीचा हप्ताही हातात पैसा असतानाच येईल. एवढं करूनही बोनसवाली पॉलिसी हवी असेल तर खुशाल घ्यावी, पण टर्मच्या जोडीला. त्याच्या जागी नाही. आणि बापाचा विमा पाच लाखांचा असताना मुलाच्या नावाने पॉलिसी काढणं तर मला अजिबात पटत नाही. घर बापाच्या कमाईवर चालतं, मुलाच्या नाही.

'कंपनीचं आहे की,' असंही म्हणतात. पीएफला जोडलेल्या 1976 च्या विमा योजनेत जास्तीत जास्त 7 लाख मिळतात आणि तेही नोकरीत असताना मृत्यू झाला तरच. पंचेचाळिशीत नोकरी सुटली तर मुलं शिकत असतात आणि हे कवच गेलेलं असतं. बँकेतून वर्षाला 436 रुपये कापून मिळणारा जीवन ज्योतीचा 2 लाखांचा विमा जरूर घ्यावा. वरच्या घराला तो दहा महिने पुरेल. शेतकरी जमिनीकडे बोट दाखवतो. नीरा डाव्या कालव्याचं पाणी असलेली जमीन मोलाची खरी, पण ती कसणारा गेल्यावर बाई खंडाने देते किंवा अडलेल्या भावात विकते, आणि दोन्हीकडे पदरात कमीच पडतं.

'क्लेम देतातच कुठं?' या शंकेचं मूळ बऱ्याचदा अर्जात असतं. पॉलिसीला तीन वर्षं झाली की विमा कायद्याच्या कलम 45 नुसार कंपनीला ती कोणत्याही कारणाने आव्हान देता येत नाही. धोका त्याआधीच्या काळातला. एजंट घाईघाईत 'तंबाखू: नाही, मधुमेह: नाही' असं भरतो आणि खाली सही होते. तंबाखू खात असाल तर हप्ता वाढेल, वाढू द्यावा. अर्ज स्वतः वाचून मगच सही करावी.

उसाच्या पट्ट्यात एकमेकांच्या कर्जाला जामीन राहण्याची रीत आहे, म्हणून एक तरतूद इथं विशेष कामाची. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या 1874 च्या कायद्याखाली पत्नी आणि मुलांसाठी पॉलिसी घेतली, तर सावकारांना फसवण्याचा हेतू नसेल तोवर ती रक्कम नवऱ्याच्या देणेकऱ्यांच्या हाती जात नाही. बदल्यात नवऱ्याचाही तिच्यावरचा हक्क सुटतो. मनात आलं म्हणून ती मोडता येत नाही. या कायद्याचा वेगळा फॉर्म विम्याच्या अर्जासोबतच भरायचा असतो, पॉलिसी हातात आल्यावर तो जोडता येत नाही.