आता या वयात कशाला?



मे महिना लागला की डब्लिनच्या विमानतळावर आपली माणसे दिसू लागतात. कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे. व्हिसा फार तर ९० दिवसांचा, बॅगेत भाजणी, मेतकूट आणि तेवढ्या दिवसांची औषधे. पुढचे तीन महिने आपल्या घराघरांतून एक वाक्य सारखे कानावर पडते : 'आता या वयात कशाला?' एकट्याने बसने शहरात जायचे का? आता या वयात कशाला! वाचनालयातला संगणक वापरून बघायचा का? आता या वयात कशाला! कधी ते स्वतः म्हणतात, बहुतेक वेळा आपणच त्यांना म्हणतो. त्यात काळजी असते, माया असते, हे मान्यच. पण हे वाक्य वाटते तितके निरुपद्रवी नाही, आणि असे म्हणण्याजोगा पुरावा आपण राहतो त्याच देशात जमा झाला आहे. म्हणून या वेळी त्याविषयी.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २००९ साली आयर्लंडमधल्या वार्धक्याचा एक दीर्घकालीन अभ्यास सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'टिल्डा' म्हणतात, प्रा. रोझ ॲन केनी त्याच्या प्रमुख. देशभरातली पन्नाशी उलटलेली आठ हजारांहून अधिक माणसे यासाठी निवडली गेली आणि साधारण दर दोन वर्षांनी त्यांची पुन्हा गाठ घेतली जाऊ लागली. उत्पन्न, आजार, औषधे, मित्रमंडळी, चालण्याचा वेग, स्मरणशक्ती अशा सगळ्यांची नोंद होते. सोबत एक प्रश्नावली होती. तीही मूळ डब्लिनमध्येच तयार झालेली, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली. त्यातला रोख साधा आहे : वाढत्या वयाचे परिणाम थोडेतरी तुमच्या हातात आहेत असे वाटते का? वयाबरोबर काही चांगलेही पदरात पडते का? की वयाच्या नुसत्या विचारानेच मन खचते?

डिअर्ड्रा रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उत्तरांचा माग काढला. २०१५-१६ मध्ये त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. वाढत्या वयाविषयी ज्यांचे मत पहिल्या भेटीतच निराशेचे होते, त्यांचा चालण्याचा वेग दोन वर्षांनी इतरांपेक्षा जास्त मंदावला होता आणि बुद्धीच्या चाचण्यांतही ते मागे पडले होते. आजारपण, औषधे, मनःस्थिती, घरची परिस्थिती हे सगळे हिशेबात धरूनही हा फरक उरला. मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो आणखी एक निष्कर्ष. शरीराने थकलेल्या आणि वयाबद्दल निराश असलेल्या लोकांची बुद्धी, धडधाकट लोकांच्या तुलनेत कमी पडत होती. पण शरीराने तितकेच थकलेले आणि तरीही वयाबद्दल आशा बाळगणारे जे होते, त्यांची बुद्धी धडधाकट लोकांच्या बरोबरीने चालत होती.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ मध्ये असेच काही दाखवले होते. ओहायो राज्यातल्या एका छोट्या गावातल्या ६६० लोकांची जुनी उत्तरे त्यांनी पुढच्या मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहिली. वार्धक्याकडे चांगल्या नजरेने बघणारे लोक सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले होते. लेव्ही यांचे म्हणणे असे की म्हाताऱ्यांविषयीच्या समजुती आपण लहानपणीच, त्या आपल्याला लागू नसतात तेव्हाच, गिळून टाकतो. पुढे वय झाले की त्याच समजुती आपण स्वतःला लावतो. आपल्याकडे तर हे एका म्हणीतच बसवलेले आहे. 'साठी बुद्धी नाठी' ऐकत वाढलेला माणूस साठीला चष्मा कुठे ठेवला ते विसरला की म्हणतो, झाली सुरुवात. चाळिशीतही तो चष्मा विसरतच होता. तेव्हा त्याला कामाची गडबड हे कारण पुरत होते!

इथे आपल्यासारख्या चिकित्सक मंडळींनी जरा थबकायला हवे. मनाचा शरीरावर परिणाम होतो म्हटले की संशोधनाच्या नावाखाली बरेच काही खपते. १९९६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जॉन बार्ग आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग गाजला होता : तरुण विद्यार्थ्यांना वार्धक्याशी संबंधित शब्द वाक्यांत जुळवायला दिले, तर बाहेर पडताना ते हळू चालतात. पाठ्यपुस्तकांत गेलेला हा प्रयोग. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी तो पुन्हा केला, विद्यार्थ्यांची वेळ यंत्राने मोजली आणि परिणाम काही दिसेना. प्रयोग घेणाऱ्यांना 'विद्यार्थी हळू चालतील' असे आधी सांगून ठेवले, तेव्हा मात्र तो दिसला. म्हणजे अपेक्षा होती ती बघणाऱ्याची! 'टिल्डा'चे काम या जातीचे नाही. तिथे हजारो माणसे आहेत आणि वर्षानुवर्षांची मोजमापे आहेत. तरी तोही निरीक्षणावरचाच अभ्यास आहे. आत सुरू झालेला आजार माणसाला आधीच निराश करत असेल, ही शक्यता कितीही हिशेब मांडला तरी पूर्ण पुसली जात नाही. शिवाय हे सरासरीतले फरक आहेत. अमुक काकांचे काय होणार हे त्यातून निघत नाही.

आणि सरासरी हातात धरून उपदेश करणारे टपलेलेच असतात. पुण्या-मुंबईत 'सकारात्मक विचारां'ची शिबिरे भरतात, तशी ती इथेही पोचली आहेत. त्यांचा सूर ठरलेला : मन खंबीर ठेवा, आजार पळून जाईल. याचा अर्थ, नाही पळाला तर तुमचेच मन कमी पडले. माझ्या मते हा कर्मसिद्धांताचाच नवा अवतार आहे. फक्त गेल्या जन्मीचे पाप या जन्मीच्या विचारात आणून ठेवले आहे. कर्करोगाच्या रुग्णाला कुणी असे बोलले की माझी तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत नेली, ती ज्यांनी वाचली आहे त्यांना यातला फरक लगेच कळेल. गुडघा दुखतो, हे वास्तव आहे. 'गुडघा दुखतो, म्हणजे आता माझ्याकडून काही होणार नाही' हा त्यावर चढवलेला निष्कर्ष आहे, आणि तो तपासता येतो. तपासायला खोटा उत्साह लागत नाही. किती पायऱ्या चढता येतात ते मोजायचे, एवढेच.

असे न तपासलेले निष्कर्ष महागात पडतात. 'टिल्डा'चे एक भावंड भारतातही आहे : देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्याशास्त्र संस्थेने २०१७-१८ मध्ये ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीच्या पुढच्या लोकांना नैराश्याच्या लक्षणांविषयी पद्धतशीर प्रश्न विचारले तेव्हा सुमारे ८ टक्के लोकांमध्ये ते आढळले. डॉक्टरांनी तसे निदान केल्याचे सांगणारे होते १ टक्क्याहूनही कमी. मधले सगळे कुठे गेले? मला वाटते, त्यांतले बरेच जण 'वय झाले की असे व्हायचेच' या वाक्याखाली झाकले गेले. बाबा हल्ली बोलत नाहीत, आईला कशात रस उरला नाही, हे आपण फोनवर ऐकतो आणि वयाच्या खाती टाकून मोकळे होतो. औषधाने, बोलण्याने बरा होऊ शकणारा आजार तसाच राहून जातो.

परदेशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांवर यात एक जादा जबाबदारी येते. आपण लांब आहोत, म्हणून धास्तावलेले असतो. आणि धास्तीपोटी सगळी कामे ताब्यात घेतो. बँक आपण बघतो, विजेचे बिल आपण भरतो, फोनमधले पैशांचे ॲप 'फसवणूक होईल' म्हणून काढून टाकतो. फसवणुकीची भीती खोटी नाही. पण काळजीपूर्वक वापरायला शिकवणे आणि हातातून काढून घेणे यांत फरक आहे, आणि दुसरे करायला कमी वेळ लागतो. दुभाषा म्हणून मी काही ज्येष्ठांसोबत दवाखान्यात गेलो आहे. डॉक्टर प्रश्न वडिलांना विचारतात आणि उत्तर मुलगा देतो. वडील शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी मुलाइतके सफाईदार नसेल, पण आपल्याला कुठे दुखते हे सांगण्यापुरते नक्कीच आहे.

महाराष्ट्रात सरकारी नोकरांना कित्येक दशके ५८ व्या वर्षी नारळ मिळत आला. धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ काढले ते १९१६ मध्ये, त्याच वयात. १९२९ मध्ये, ७१ व्या वर्षी, ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले तेव्हा ते ७८ वर्षांचे होते, समता संघ स्थापला तेव्हा ८६. एका कर्व्यांवरून नियम सिद्ध होत नाही, आणि सगळ्यांनी कर्वे व्हावे असा आग्रह धरणे हा म्हाताऱ्यांवरचा आणखी एक जुलूम होईल. मला एवढेच म्हणायचे आहे की 'या वयात' नेमके काय जमत नाही, ते त्या माणसाला विचारल्यावाचून ठरवू नये.

नुसते मनाला समजावून हे होत नाही, व्यवस्थाही लागते. आयर्लंडने १९६७ पासून ज्येष्ठांना बस आणि रेल्वेचा प्रवास मोफत दिला. आज ६६ वर्षे पूर्ण झालेला इथला रहिवासी पास दाखवून गॉलवेला जाऊन संध्याकाळी परत येऊ शकतो. डब्लिन सिटी विद्यापीठाने २०१२ मध्ये 'ज्येष्ठस्नेही विद्यापीठ' ही कल्पना पुढे आणली; पुढे अनेक देशांतली विद्यापीठे तीत सामील झाली. महाराष्ट्रानेही २०२२ मध्ये ७५ वर्षांवरच्यांना एसटी मोफत केली, तेव्हा 'हे लोक कुठे निघाले आता?' असे विनोद आपल्याच गटांतून फिरले होते. निघाले असतील बहिणीकडे, नाहीतर पंढरपूरला, नाहीतर उगाच. तुम्ही-आम्ही शनिवारी उगाच निघतोच ना?

आपल्यातले बरेच जण आता पन्नाशीच्या आसपास आहेत. कंपनीत नवे तंत्र आले की 'ते तरुण पोरांना जमते' असे आपण हसत हसत म्हणू लागलो आहोत. 'टिल्डा'च्या प्रश्नावलीत बसण्याचे आपले वय झाले, हेही ध्यानात असू द्या.

या उन्हाळ्यात ज्यांच्याकडे आई-बाबा येणार आहेत, त्यांनी पहिल्या आठवड्यात एक लीप कार्ड त्यांच्या हातात द्यावे, बसचा थांबा एकदा दाखवावा आणि मग कामावर जावे. फोन जवळ असतोच. फारतर एखाद्या वेळी चुकीच्या थांब्यावर उतरतील. कसे झाले ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. त्यांनी स्वतः लिहिले तर अधिकच चांगले.