वाचक आहे, सूचक कुठं आहे?

पुराणांवरच्या आणि संतचरित्रांवरच्या मालिका लिहिणाऱ्या, काढणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सर्वांस,



जालन्याहून जिंतूरकडं जाताना सेलूचा रस्ता फुटतो, त्या देवगाव फाट्यावरून हे पत्र लिहीत आहे. आमच्या भागात सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांच्या नावांखाली आणखी दोन नावं नेमानं छापलेली असतात, रामायण वाचक आणि सूचक. जेवणं उरकली की माणसं मंदिरात जमतात. वाचक भावार्थ रामायणातली ओवी म्हणतो आणि थांबतो. मग सूचक ती उलगडून सांगतो. त्याला मोकळीक असते. कैकेयीचं सांगता सांगता तो भावाभावांच्या वाटणीवर येतो, बांधावरच्या भांडणावर येतो, आणि समोरचे दोघे मान खाली घालतात. पण पोथीतलं कुठलं आणि सूचकाच्या पदरचं कुठलं, हे भिंतीला टेकून पेंगणाऱ्या पोरालाही समजतं, कारण आवाज दोन असतात. तुमच्या पडद्यावर ते दोन्ही आवाज एक झाले आहेत. माझी तक्रार ती आहे.

पदरचं घालूच नका, असं मी म्हणत नाही. पैठणच्या एकनाथांनी भावार्थ रामायणातून रामकथा मराठीत आणली तेव्हा तिच्यात आपला भाव ओतला. ग्रंथाच्या नावातच तो आहे. युद्धकांडाच्या 44व्या अध्यायापाशी त्यांचं लेखन थांबलं आणि पुढचा ग्रंथ त्यांच्या शिष्यानं, गावबानं, पुरा केला, हेही परंपरेनं लपवलं नाही. रामानंद सागर यांच्या 1987च्या ‘रामायण’ मालिकेनंही वाल्मीकी, तुलसीदास, कंब यांच्यासोबत भावार्थ रामायणाचं ऋण नावानिशी मानलं होतं. तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी जोडून टीव्ही लावायचे. माझी आजी चपला बाहेर काढून पडद्यापुढं बसायची, हात जोडलेले. जिच्यापुढं हात जोडले जातात त्या गोष्टीची जबाबदारी मोठी असते. नुसती ग्रंथांची नावं दिल्यानं ती फिटत नाही. कुठला प्रसंग कुणाचा, हे आजीला शेवटपर्यंत कळलं नाही.

महाभारताचंच घ्या. मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदी आंधळ्याच्या पोरावरून टोमणा मारते आणि त्यातून पुढचं सगळं घडतं, असं आमच्याकडं दहातले नऊ जण सांगतील. बी. आर. चोप्रा यांच्या मालिकेनं तो टोमणा घरोघर पक्का केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 ते 1966 एवढा काळ खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या सभापर्वात हसतात ते भीम, अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदीही हसली, असं दुर्योधन मागाहून बापाला सांगतो. टोमण्याचं वाक्य तिथं नाही. तरीही आज एखाद्या सुनेला गप्प करायचं असलं की तेच वाक्य पुढं येतं. बाई बोलली म्हणून युद्ध झालं, म्हणतात. पदरच्या एका वाक्याचं ओझं किती बायका वाहत आहेत, याचा विचार लिहिताना करा.

गेल्या सप्ताहात पाचवीतल्या एका मुलीनं सूचकाला मधेच थांबवलं. “बाबा, तुम्ही चुकलात. टीव्हीत असं नाही.” म्हातारबाबा रागावले नाहीत. त्यांनी वाचकाकडून पोथी घेतली, तिच्यापुढं धरली, ओवीखाली बोट ठेवलं आणि तिलाच वाचायला लावलं. अडखळत तिनं वाचली. मग म्हणाली, “मग टीव्हीवाल्यांनी हे कुठून आणलं?” बाबांकडं उत्तर नव्हतं. ते तुमच्याकडं आहे.

उत्तर द्यायला अर्धं मिनिट पुरतं. प्रत्येक भागाच्या शेवटी एक माणूस येऊ द्या. त्यानं साध्या मराठीत सांगावं, आजचा हा प्रसंग अमुक ग्रंथातला, हा लोककथेतला, आणि ही कपटी जाऊ आमच्या लेखकानं घातलेली. सुरुवातीला बारीक अक्षरांची सूचना झरकन सरकते, ती माझ्या आईला वाचता येत नाही. आम्हाला सूचक हवा, सूचना नको.

जनाबाईचं वेगळं सांगते, कारण ती आमच्या जिल्ह्याची, गंगाखेडची. पडद्यावर ती बहुधा जात्यापाशी डोळे गाळत बसलेली असते आणि देव येऊन तिचं दळण दळून देतो. तिच्या नावावरचे अभंग मात्र वाचून पाहा. ती विठ्ठलाशी भांडते, त्याला हक्कानं शिव्या घालते, लोकलाज झुगारून भर बाजारात जायला निघते. आमच्या आयाबायांनी तिची गाणी ओव्यांबरोबर दळताना म्हटली ती या बळासाठी. हे सगळं गाथेत असताना तिच्यासाठी रडू विकत आणायची गरज काय?

तिच्यावर पुढचं काही लिहाल तेव्हा आधी गंगाखेडला या. गोदेच्या काठी बसा, तिथल्या बायका जनीबद्दल कशा बोलतात ते ऐका, त्यांची बोली वहीत उतरवून घ्या. जालन्याकडून येणार असाल तर वाटेत आमचा फाटा लागेल. रात्री पोथी चालू असली तर मंदिरात या; वाचकाशेजारी जागा असते.

आपली,
देवगाव फाट्यावरची एक श्रोती