भुलीची सुई आणि कायद्याचा पहारा

मळणीयंत्रात हात सापडलेल्या शेतमजुराला शस्त्रक्रियेसाठी पूर्ण बेशुद्ध करावेच लागते असे नाही. मानेकडून बाहूत उतरणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याभोवती औषध सोडले की तेवढाच हात बधिर होतो. रोगी दमेकरी असेल वा भरल्यापोटी आलेला असेल, तर हा मार्ग बहुधा अधिक सुरक्षित ठरतो.

पूर्वी हे काम अंदाजाने चाले. सुई टोचायची आणि रोग्याने हाताला झिणझिण्या आल्याचे सांगितले की जागा सापडली असे समजायचे. त्या जागेला लागूनच मोठी रक्तवाहिनी व फुप्फुसाचे आवरण असते, हे ध्यानात घेतले म्हणजे अंदाज चुकण्याची किंमत कळते. १९९४ साली व्हिएन्नातील भूलतज्ज्ञांनी याच जागी सोनोग्राफी वापरल्याचे प्रसिद्ध केले. आता सुई, तंतू आणि पसरणारे औषध पडद्यावर पाहता येते. औषधही कमी पुरते.

महाराष्ट्रात मात्र सोनोग्राफी म्हटले की गर्भलिंगनिदान आठवते, आणि ते योग्यच आहे. या विषयावर १९८८ साली देशातील पहिला कायदा आपल्या राज्याने केला. तरीही २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७ च होत्या. (धाराशिवकरांनी बीडकडे बोट दाखवून स्वतःला निर्दोष समजू नये.) म्हणून गर्भाचे लिंग दाखवू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते, आणि २०१२ पासून सुवाह्य यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत.

अडचण येथेच आहे. लहान गावांतला भूलतज्ज्ञ एका रुग्णालयात बसून नसतो. बोलावणे येईल तिकडे तो जातो. यंत्र त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. ऐपतदार रोगी सोलापूर गाठतो, मजुराच्या वाट्याला जुना अंदाज येतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला हा खर्च दिसतो, पण तो कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

यावर भूलतज्ज्ञांना सरसकट सूट द्यावी, असे सुचविले जाते. मला ते मान्य नाही. उथळ भाग पाहणाऱ्या प्रोबने पोटातील गर्भ सहसा नीट दिसत नाही हे खरे. परंतु त्याच यंत्राला दुसरा प्रोब जोडता येतो. तथापि ज्याला दुसरा प्रोब जोडताच येणार नाही असे यंत्र वेगळ्या वर्गात घालून, ठरावीक रुग्णालयांपुरते आणि प्रत्येक वापराच्या नोंदीसह नेऊ देण्यास काय हरकत आहे?

त्यासाठी नियम बदलावे लागतील. त्याला वेळ लागेल. पण धाराशिवच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शस्त्रक्रियागृहात भुलीसाठी स्वतंत्र नोंदणीकृत यंत्र असावे, याला कोणतीही दुरुस्ती लागत नाही. तेथे यंत्र मागणारे, पैसा देणारे आणि नोंदणी करणारे, सारे शासनाचेच अधिकारी आहेत.