सोडा एक नाही, दोन आहेत!

लग्नानंतर दिल्लीत आले, तेव्हा माझी हिंदी बेताचीच होती. पाहुणे येणार म्हणून ढोकळा करायचं ठरवलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन म्हटलं, "भैया, सोडा देना." त्याने पांढऱ्या पावडरची पुडी बांधून दिली. घरी येऊन बेसनाच्या पिठात हळद, लिंबू घातलं आणि शेवटी चमचाभर सोडा. पिवळंधमक पीठ बघता बघता लालसर तपकिरी झालं. वाफवल्यावर तर त्याला चक्क साबणाचा वास येत होता. सासूबाईंनी डबा उघडला, पुडी हुंगली आणि म्हणाल्या, "अगं, हा कपडे धुण्याचा सोडा आहे!"

तो ढोकळा कुणी खाल्ला नाही, म्हणून आज हा किस्सा हसत सांगता येतो. पण तुमच्या घरात या दोन पावडरी कशा ठेवल्या आहेत? बिनलेबलाच्या बरण्यांत, शेजारी शेजारी? मग आजचा लेख नक्की वाचा.

दिल्लीत खाण्याच्या सोड्याला 'मीठा सोडा' म्हणतात. आपल्याला त्यात 'मीठ' ऐकू येतं, त्यांना गोड. कपड्यांच्या सोड्याला 'कपड़े धोने का सोडा' किंवा 'वॉशिंग सोडा' म्हणतात. दुकानात नुसतं 'सोडा' म्हणू नका, पूर्ण नाव सांगा. खाण्याचा सोडा तर छापील, बंद पाकिटातलाच घ्या.

दोघांत फरक काय?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तो सौम्य असतो. पाण्यात विरघळल्यावर त्याचा पीएच साधारण ८.३ येतो. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. त्याचा पीएच ११ च्या आसपास जातो. आकडे जवळचे वाटतात, पण पीएचमध्ये एका आकड्याचा फरक म्हणजे दहा पट. म्हणूनच धुण्याचा सोडा तेलकटपणा कापतो आणि म्हणूनच तो त्वचेला, डोळ्यांना, घशाला जाळतो.

लिंबू पिळलं की दोन्ही फसफसतात, त्यामुळे त्यावरून ओळख पटत नाही. हळद मात्र जास्त खरं बोलते. वाटीभर पाण्यात चिमूटभर हळद आणि थोडी पावडर टाका. धुण्याच्या सोड्याने पाणी लगेच गडद लाल होतं, खाण्याच्या सोड्याने ते पिवळं किंवा फार तर नारिंगी राहतं. तरीही शंका उरली, तर ती पावडर स्वयंपाकात वापरूच नका, मोरी धुवायला ठेवा.

हा सोडा आला कुठून?

आपल्यासाठी सोडा नवा नाही. बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी खारं आणि इतकं अल्कधर्मी आहे की त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. पूर्वी त्या काठावरून क्षार गोळा केले जात. २०२० मध्ये या सरोवराला रामसर दर्जा मिळाला. उत्तरेत गंगा-यमुनेच्या खोऱ्यातल्या उसर जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर येतो, त्याला 'रेह' म्हणतात. साबण घरोघरी पोहोचण्याआधी इथले धोबी याच मातीने कपडे धूत. आज सोडा कारखान्यात बनतो. गुजरातमधल्या मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना १९३९ मध्ये झाली. तिथे मीठ आणि चुनखडीपासून सोडा ॲश तयार होते.

खारं पाणी आणि धुण्याचा सोडा

नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद इथल्या ज्या सोसायट्यांत बोअरवेलचं पाणी येतं, तिथली तक्रार ठरलेली: साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे राखाडी पडतात. कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

इथे धुण्याचा सोडा खरोखर उपयोगी पडतो. वीस लिटरच्या बादलीत मोठा चमचाभर सोडा आधी विरघळवा, पाच मिनिटं थांबा, मग डिटर्जंट घाला. पाणी जरा गढूळ दिसेल. तो जडपणा खाली बसतोय. मग कमी डिटर्जंटमध्येही चांगला फेस येतो. सुती चादरी, टॉवेल, पायपुसणी, शाळेचे मोजे यांसाठी हे उत्तम. पण लोकरी स्वेटर, शाल, पैठणी किंवा कुठलंही रेशीम या पाण्यात चुकूनही घालू नका. लोकर आणि रेशीम प्रथिनांचे धागे आहेत, सोडा ते खातो.

नळावर आणि शॉवरवर जमलेले पांढरे खवले मात्र सोड्याने जात नाहीत. तो आधीच जमलेला कार्बोनेटचा थर आहे, त्याला आंबट लागतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. फक्त खाली संगमरवर असेल तर थेंब पडू देऊ नका, त्यावर डाग पडतो.

स्वयंपाकघरातली चिकट घाण

एक्झॉस्ट फॅनची पाती, गॅसची लोखंडी जाळी, ओट्यामागच्या टाइल्स यांसाठी दोन लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. वीस मिनिटं भिजवा आणि घासा. जुनं तेल सोड्याशी मिळून साबणासारखं होतं आणि सुटतं. रबरी हातमोजे हवेतच. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही मोजे द्या. त्यांचे हात दिवसभर अशाच पाण्यात असतात.

ॲल्युमिनियमची कढई, कुकर किंवा चिमणीची ॲल्युमिनियमची जाळी या पाण्यात घालू नका. सोडा ॲल्युमिनियम खातो आणि भांडं काळं पडतं.

चहाचे डाग पडलेले कप, थर्मास, टिफिनचा वास यांसाठी खाण्याचा सोडा पुरतो. चमचाभर सोडा, गरम पाणी, अर्धा तास, मग स्वच्छ धुणं. काळे पडलेले चांदीचे पैंजण किंवा देवाची भांडी असतील, तर पातेल्याच्या तळाशी ॲल्युमिनियम फॉइल पसरा, त्यावर चांदी ठेवा, चमचाभर खाण्याचा सोडा व थोडं मीठ टाकून कढत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली हवी. काळेपणा काही मिनिटांत उतरतो आणि चांदी घासून झिजत नाही. खडे जडवलेले किंवा मुद्दाम काळपट केलेले दागिने यात घालू नका.

ताटातला सोडा: किती आणि कधी?

छोले शिजत नाहीत म्हणून आपण सोडा टाकतो. खरं तर जड पाण्यातलं कॅल्शियम चण्याची साल कडक ठेवतं. म्हणून आधी आरओचं पाणी वापरून पाहा, बऱ्याचदा सोडा लागतच नाही. लागलाच तर वाटीभर काबुली चण्यांना पाव छोटा चमचा, तोही भिजवताना. ते पाणी टाकून ताज्या पाण्यात शिजवा. जास्त सोड्याने बी १ जीवनसत्त्व नष्ट होतं.

ढोकळा, केक, भजी यांत सोड्याबरोबर दही, ताक किंवा लिंबू हवंच. आंबट कमी पडलं तर उष्णतेने खाण्याचा सोडाच सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो. ढोकळ्यावर लाल ठिपके आणि साबणासारखी चव येते ती त्यामुळेच.

ॲसिडिटी झाली की चमचाभर सोडा पाण्यातून पिण्याची सवय अनेक घरांत आहे. एका छोट्या चमच्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात मिळून २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं. घरात कुणाला रक्तदाब, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपाय नको.

आझादपूर मंडीतून आलेली सफरचंदं, द्राक्षं धुण्यासाठी एक लिटर पाण्यात दोन छोटे सपाट चमचे खाण्याचा सोडा घाला आणि १२ ते १५ मिनिटं भिजवून साध्या पाण्याने धुवा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर हे तपासलं होतं. दोन कीटकनाशकांचे पृष्ठभागावरचे अंश अशा पाण्याने निघाले. सालीच्या आत मुरलेलं मात्र निघालं नाही.

या 'टिप्स' सोडून द्या

● सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून 'सुपर क्लीनर' बनवणं. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, उरतं जवळजवळ खारट पाणी. बंद बाटलीत भरलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते.

● चेहऱ्यावर सोड्याचा लेप. त्वचा मुळात किंचित आम्लधर्मी असते. सोड्याने ती कोरडी पडते, चुरचुरते.

● कढईतल्या पेटलेल्या तेलावर पाणी. आधी गॅस बंद करा आणि घट्ट झाकण ठेवा. आग लहान असेल तर भरपूर खाण्याचा सोडा टाकता येतो. मैदा, बेसन किंवा बेकिंग पावडर नाही. आग वाढली तर बाहेर पडा आणि १०१ वर फोन करा.

चुकून पोटात गेला तर?

लहान मुलाने धुण्याचा सोडा तोंडात टाकला तर उलटी करायला लावू नका, कारण येताना तो घसा पुन्हा जाळतो. 'उतारा' म्हणून लिंबू किंवा व्हिनेगरही देऊ नका. तोंड पाण्याने पुसून-धुऊन काढा आणि पाकीट सोबत घेऊन लगेच रुग्णालयात जा. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा मिनिटं डोळा धुवा, मग डॉक्टरांकडे. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे. ते चोवीस तास सल्ला देतं. त्याचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे.

आता हा लेख बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं काढा. खाण्याचा सोडा मसाल्यांच्या कप्प्यात, धुण्याचा सोडा बाथरूमच्या वरच्या फळीवर, मुलांचा हात पोहोचणार नाही असा. दोन्ही बरण्यांवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. मराठीत लिहाच, पण घरकामाला मदतीला येणारी मावशी हिंदी वाचत असेल तर हिंदीतही लिहा. वाचताच येत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या बरणीवर लाल फुली मारा. आमच्या घरी ती फुली सासूबाईंनी मारली होती, ढोकळ्याच्याच संध्याकाळी. बरणी तीन वेळा बदलली, फुली अजून आहे.